पोराचा कान वाहतोय, पण आधी नवऱ्याचा डोळा दाखव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलंय. पत्र मोठं आहे, इथे थोडक्यात देते.

"मावशी, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. चार वर्षांचा होता तेव्हापासून त्याचा उजवा कान वाहतो. सर्दी झाली की सुरू होतो, पंधरा-वीस दिवस वाहतो, मग बंद होतो. दुखत अजिबात नाही. कधीकधी वास येतो. सासूबाई लसूण घालून कडवलेलं तेल सोडतात, म्हणतात, लहानपणी सगळ्यांचेच कान फुटतात, मोठा झाला की आपोआप बंद हुतंय. शाळेतल्या बाई म्हणतात पोराचं लक्ष नसतं. पावसाळ्यात तो पोरांबरोबर नदीत पोहतो, त्यानं वाढतं का? कानात कुठलं ड्रॉप घालू ते सांगा. सासऱ्यांचा आवाज गणपतीपासून बसलाय, त्यांना काय काढा द्यावा? आणि मालकांच्या डोळ्याला चार दिवसांमागे ऊस तोडताना पात लागली, मेडिकलमधून ड्रॉप आणलंय, लाली कमी आहे पण उजेड सहन होईना म्हणतात, त्यालाही काही घरगुती असेल तर सांगा."

अगं बाळ, तू दोन पानं कानाबद्दल लिहिलीस आणि डोळ्याचं शेवटच्या ओळीत सांगितलंस, पण मी सुरुवात तिथूनच करणार. हे वाचून झालं की नवऱ्याला घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आजच्या आज. ऊसतोड थांबली तर थांबू दे, मुकादमाला काय सांगायचं ते नंतर बघा.

का ते सांगते. ऊसाची पात करवतीसारखी असते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, हातावर ओढली तर रक्त काढते. तीच पात डोळ्याला लागली की बुबुळावर जी काचेसारखी पारदर्शक कातडी असते तिला बारीक ओरखडा पडतो. नुसता ओरखडा असेल तर एक-दोन दिवसात भरून येतो, डोळा आपला फार पटकन भरतो. पण पातीवर, भाताच्या कुसळावर, मातीत बुरशी असते, ती त्या ओरखड्यातून आत शिरते आणि तिथे वाढायला लागते. हळू वाढते, हेच तिचं वाईट, पहिले चार-पाच दिवस माणसाला वाटतं खुपतंय थोडं, जाईल. मग पाणी, मग उजेड नको, मग धूसर, मग बुबुळावर पांढरा ठिपका. तुझा नवरा उजेड सहन होईना म्हणतोय म्हणजे आत काहीतरी चाललंय असं धरूनच जायचं.

आता लाली कमी झाली त्याचं. त्याच्यावर खूश होऊ नको. मेडिकलमधून आणलेली बाटली हातात घे आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते पोराच्या बाईंकडून वाचून घे, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडनं लाली आणि सूज उतरते, माणसाला दोन दिवस बरं वाटतं, आणि त्याच वेळी आत बुरशीला मोकळं रान मिळतं कारण तिच्याशी लढणारी शरीराची ताकद तिथे दाबली जाते. ते ड्रॉप आता आणखी घालू नका, पण बाटली फेकू नको, डॉक्टरला दाखवायला बरोबर ने.

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं हेच झालं गं. मी तेव्हा नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते, घरापासून लांब. भाताच्या मळणीत कुसळ डोळ्यात गेलं, आईनं पदराच्या टोकानं काढलं, दुसऱ्या दिवशी दुकानातून ड्रॉप आणलं. लाली गेली. सगळे म्हणाले बरं झालं. बाराव्या दिवशी मी घरी आले, त्याला दारात उजेडात उभं केलं आणि वरची पापणी उचलली, बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग, कडा पिसासारख्या फाटलेल्या. औषधं झाली, महिनोन् महिने झाली, डोळा राहिला पण दृष्टी गेली. आज तो त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार ओळखतो. त्यानंतर पंचवीस वर्षं मी डोळ्याच्या आणि कान-नाक-घशाच्या ओपीडीत काढली आणि सुगीच्या दिवसात असा एकही आठवडा गेला नाही की एखादा माणूस पांढरा डाग आणि खिशात तसलीच बाटली घेऊन आला नाही.

डॉक्टर काय करतील तेही सांगते म्हणजे नवरा घाबरणार नाही. डोळ्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब टाकतात आणि निळ्या उजेडात बघतात, जिथे ओरखडा किंवा जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. जखम असेल तर सुन्न करणारं औषध टाकून तिथलं थोडंसं खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघतात. दुखत नाही. बुरशी निघाली तर बहुतेक वेळा नॅटामायसिनचे ड्रॉप देतात, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि बरेच आठवडे. ही बाटली दर वेळी चांगली हलवायची, औषध खाली बसलेलं असतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. तोपर्यंत डोळ्यावर पट्टी बांधू नका, चोळू नका, आणि दूध, मध, गुलाबपाणी, तगरीचं फूल यातलं काहीसुद्धा घालू नका. तू घरगुती उपाय विचारलास, याला घरगुती उपाय नाही. पुढच्या वेळी पात लागली तर तेवढ्यापुरतं स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. साधा प्लास्टिकचा गॉगल घालून ऊस तोडला तर हे बरंचसं टळतं, फडात लोक हसतील पण घालायला लाव.

(डोळे येणं वेगळं बरं का. २०२३ च्या पावसाळ्यात घरोघरी डोळे आले होते ते तुला आठवत असेल, त्यात दोन्ही डोळे चिकट, लाल, पण दिसायला नीट दिसतं, बुबुळ दुखत नाही, आणि आठ-दहा दिवसात, फार तर दोन आठवड्यात आपलं आपण जातं. टॉवेल-उशी वेगळी ठेवायची, हात धुवायचे, बस. एकच डोळा लाल आहे आणि दुखतोय, किंवा कमी दिसतंय, किंवा उजेड सहन होत नाही, तर ते डोळे येणं नाही असंच समजायचं.)

आता पोराचा कान.

"दुखत अजिबात नाही" हे तू दोनदा लिहिलंयस, तुला त्याचा दिलासा वाटतो. मला त्याचीच काळजी वाटते. कान दुखतो कधी, तर पडद्याच्या आत पू साठून पडदा फुगतो तेव्हा. पडद्याला भोक पडून पू बाहेर आला की दाब जातो आणि दुखणं थांबतं. तुझ्या पोराला चौथ्या वर्षी एखाद्या रात्री रडरड झाली असेल, सकाळी उशी ओली आणि पोरगं शांत, आठव बघ. बऱ्याच मुलांचं ते भोक काही आठवड्यात आपोआप बुजतं आणि सासूबाई म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे, त्यांनी अशी मुलं बघितली असतील. पण दोन आठवड्यांच्या वर कान वाहत राहिला, किंवा तीन वर्षं असा सुरू-बंद चाललाय, तर ते भोक बुजलेलं नाही. सर्दीचं कारण असं की नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे नाकातली घाण सहज वर चढते. म्हणून सर्दी झाली की कान.

आणि भोक असलेल्या कानात तेल म्हणजे काय, तर ते सरळ मधल्या कानात जातं, जिथे बाहेरचं काहीच जायला नको. गरम असेल तर भाजतं. शिवाय आपल्याकडचा पाऊस, जांबोटी-कणकुंबीकडे तर कपडे वाळत नाहीत महिनाभर, त्या ओलीत तेलकट कान म्हणजे बुरशीला आयतं घर, मग खाज सुटते आणि डॉक्टर कानातून ओल्या कागदासारखा गोळा काढतात, काळे-पांढरे ठिपके असलेला. सासूबाईंना वाईट वाटेल असं बोलू नको, त्यांनी मायेनंच केलंय. त्यांना म्हण, डॉक्टरनं सांगितलंय कानात भोक आहे, तेल मेंदूच्या बाजूला जायला नको. एवढं पुरतं.

नदीचं विचारलंस ना, हो, त्यानं वाढतं. मलप्रभेत उडी मारताना पाणी जोरानं आत घुसतं. कान कोरडा आणि बरा होईपर्यंत पोहणं बंद, मग पोरगं कितीही रुसू दे. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कान झाकायचा, आंघोळ झाली की लगेच काढायचा, दिवसभर बोळा घालून ठेवू नको, आत पू कोंडतो.

ड्रॉप कुठलं ते मी नाव सांगून मेडिकलला पाठवणार नाही, कारण पडद्याला भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही ड्रॉप आतल्या कानाच्या नसेला इजा करू शकतात आणि ते ऐकू येणं परत येत नाही. आत बघून जे देतील तेच घालायचं, बहुतेक सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे असतील, साधारण दोन आठवडे. पण ड्रॉप घालण्याआधी कान कोरडा करायला शिक, कारण पू भरलेल्या कानात औषध टाकलं तर ते पुवावरच तरंगतं, आत पोचतच नाही. निम्मे लोक ड्रॉप घालून बरं होत नाही म्हणतात ते यामुळेच.

असं कर. जुन्या, धुतलेल्या, मऊ सुती कापडाची, धोतराची असली तर उत्तम, पट्टी फाड, तिचं टोक पिळून वातीसारखं कर, आपण समईची वात वळतो तसं, काडी नाही, बड नाही, पिन तर नाहीच. कानाची पाळी मागे-वर ओढ म्हणजे वाट सरळ होते, वात अलगद आत ठेव, मिनिटभर राहू दे, ओली झाली की काढ, दुसरी ठेव. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीन वेळा. पोरगं गुदगुल्या होतात म्हणून हलेल, त्याला आजीच्या मांडीवर झोपव, तेल सोडायची सवय आहे ना त्यांना, आता वातीचं काम त्यांच्याकडे दे. ड्रॉपची बाटली घालायच्या आधी मुठीत पाच मिनिटं धरायची, थंड थेंब कानात गेले की गरगरतं आणि मग पोरगं दुसऱ्यांदा जवळ येत नाही. थेंब घातल्यावर कानाच्या पुढची ती लहान चिमटीएवढी कूर्चा असते ती चार-पाच वेळा दाबायची, औषध आत ढकललं जातं, आणि तसंच कुशीवर पाच मिनिटं.

वास येतो कधीकधी, असं तू लिहिलंस, तिथे मी थांबले. पातळ, भरपूर, सर्दीबरोबर येणारा आणि वास नसलेला पू हा बहुतेक वेळा पडद्याच्या मधल्या भोकाचा, तो त्रासाचा पण त्यामानानं कमी धोक्याचा. थोडासाच, घट्ट, घाण कुजका वास येणारा असेल तर आत कोलेस्टिएटोमा म्हणजे कातडीची पिशवी वाढत असू शकते आणि ती भोवतालचं हाड खाते. कानाच्या वर मेंदू आहे, मधून चेहऱ्याची नस जाते. म्हणून दुर्बिणीनं तपासून घ्यायचंच, टाळायचं नाही. आणि यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी रात्र असली तरी १०८ लावायचा: कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसणं, ताप आणि डोकं दुखून उलट्या, चक्कर येऊन तोल जाणं, तोंड वाकडं होणं.

"पोराचं लक्ष नसतं", या वाक्यानं मला वाईट वाटलं. त्याला ऐकूच कमी येत असेल गं. पडद्याला भोक असलं की आवाज बारीक येतो, वर्गात पंखा, पोरांचा गलका, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, त्याला अर्धंच पोचतं. घरी करून बघ, त्याच्या पाठीमागे उभी राहून हळू आवाजात नाव घे. टीव्हीचा आवाज वाढवतो का बघ. डॉक्टरकडे ऑडिओमेट्री करून मागायची, सात वर्षांचं पोर नीट करतं ही टेस्ट, हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं. तोपर्यंत बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसव, डावा चांगला कान बाईंच्या बाजूला येईल असा. त्याला ओरडू नका म्हणावं. शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची गाडी येते तेव्हा त्यांनाही सांग, त्यांच्याकडून पुढे चिठ्ठी मिळते.

आणि रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो का? तसं असेल तर नाकाच्या मागे ॲडिनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारख्या गाठी, वाढलेल्या असू शकतात, त्या त्या नळीचं तोंड बंद करतात, मग कान कितीही कोरडा केला तरी परत वाहतो. हे डॉक्टरला आपण होऊन सांगायचं, ते विचारायचं राहून जातं गर्दीत. चुलीचा धूर आणि घरात बिडी हेही मुलांच्या कानाला बाधतं. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी, हळू.

कान काही महिने कोरडा राहिला आणि भोक तसंच असेल तर ऑपरेशन आहे, टिंपॅनोप्लास्टी, कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवतात. वय, सर्दी, दुसरा कान बघून कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील. घाबरण्यासारखं नाही, मी अशी कितीतरी मुलं ऑपरेशननंतर पट्टी सोडताना धरून बसलेय, पहिला आवाज नीट आला की ती आधी इकडे-तिकडे बघतात.

जायचं कुठे? बेळगावात सिव्हिल, म्हणजे बीम्सचं हॉस्पिटल, तिथे डोळ्यांचं आणि कान-नाक-घशाचं दोन्ही डिपार्टमेंट आहे, एका फेरीत दोघांचं होईल. सरकारी बसला बाई म्हणून तुझं तिकीट फुकट आहे, आधार मात्र ठेव. रेशनकार्ड पण ने, ऑपरेशन लागलं तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, पण खासगी मोठ्या हॉस्पिटलात जायला बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, म्हणून सुरुवात सरकारीतूनच करावी.

भाषेची भीती मनात असेल तर ती काढून टाक, मला माहीत आहे आपल्या गावाकडच्या बायका काउंटरवर कन्नड ऐकलं की मागे सरतात. बरेच जण मराठी समजतात तिथे. नवीन डॉक्टर रायचूर-म्हैसूरकडचा असला तर एवढं पाठ कर: कान म्हणजे किवि, डोळा कण्णु, नाक मूगु, घसा गंटलु, दुखणं नोवु, आणि पू म्हणजे कीवु. "किवियिंद कीवु बरतदे, मूरु वर्षदिंद", कानातून पू येतो, तीन वर्षांपासून. नवऱ्यासाठी "कण्णिगे कब्बिन एले बडिदिदे", डोळ्याला ऊसाचं पान लागलंय. ऊस हा शब्द ऐकला की डोळ्याचा डॉक्टर मान वर करून बघतो, रांगेतही तेच सांग, नुसतं "डोळा लाल आहे" म्हणू नको.

सासऱ्यांचं राहिलं. आवाज गणपतीपासून बसलाय आणि आता ऊसतोड चालू आहे म्हणजे दोन महिने तरी झाले. काढा देऊ नको. सर्दीनं, ओरडण्यानं बसलेला आवाज दोन आठवड्यात सुटतो. तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज, त्यातून माणूस तंबाखू-चुना खाणारा किंवा बिडी ओढणारा असेल, तर स्वरयंत्र दुर्बिणीनं बघून घ्यायचंच, पाच मिनिटांचं काम आहे. तंबाखू खातात का ते तू लिहिलं नाहीस. गिळताना अडकणं, गळ्यात गाठ, तोंडात न भरणारी जखम यातलं काही आहे का तेही विचार. स्वरयंत्राचा कॅन्सर असलाच तर आवाजावरून लवकर कळतो आणि लवकर कळला तर चांगला बरा होतो, म्हणून त्यांना घाबरवायचं नाही, फक्त बसमध्ये बसवायचं. नवरा, पोरगं आणि सासरे, तिघांनाही घेऊन जाणं एकटीला जड आहे, भावाला बोलावून घे. नाहीच जमलं तर आज फक्त नवऱ्याला ने, पोराला आणि सासऱ्यांना या आठवड्यात.

डोळ्यात पिवळा थेंब टाकल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. बाटली पिशवीत आत्ताच टाकून ठेव.